सोजरबाईची हरळी

आसेगावच्या शिवारात सोजरबाई ज्या वावरातून निंदत गेली, त्या वावरात दुसरीला काम उरत नसे. चाळीस वर्षं ती इळा घेऊन तण काढत आली, आधी स्वतःच्या चार एकरांत आणि मग लोकांकडे. त्यातही हरळीशी तिचं उभं वैर. जमिनीला चिकटून पसरणारं हे गवत पेरापेराला मुळ्या सोडतं आणि एकदा वावरात घुसलं की सोयाबीनच्या तोंडचा घास काढून घेतं. बाकीच्या बाया वरचं वर खुडून पुढे सरकायच्या. सोजरबाई बसकण मारून मुळीच्या शेवटापर्यंत जायची, उपटलेली हरळी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उन्हात टाकायची आणि ती वाळून कोळ झाल्याची खात्री करून मगच घरी जायची. तिच्या जोडीने निंदणारी कमलीबाई म्हणायची की या बाईला देव भेटला तरी ही आधी त्याच्या पायाखालची हरळी काढेल.

नवरा गेला, जमीन बटईने दिली आणि सोजरबाई वाशीमला मुलगा पवन आणि सून राखी यांच्याकडे आली. पवन जळालेल्या पाण्याच्या मोटारींचं वाइंडिंग भरून द्यायचा. घर दोन खोल्यांचं, आणि राखी अशी झपाट्याची की सासू उठायच्या आत सगळं आवरून मोकळी. चार महिन्यांत सोजरबाईला आपले हात हे दुसऱ्याने ठेवायला दिलेलं सामान वाटायला लागले.

त्यांच्या लेआउटमधल्या, म्हणजे वसाहतीतल्या, मोकळ्या जागेत तेव्हा बगीचा होत होता. रिटायर मास्तर बबनराव समितीचे अध्यक्ष, सगळे त्यांना गुरुजी म्हणत. चालायला गोल रस्ता झाला होता, दोन झुले आले होते, सिमेंटच्या बाकांवर देणाऱ्यांच्या वडिलांची नावं घातली होती, आणि त्यावरून आज कोण कोणाच्या वडिलांवर बसलं अशी थट्टाही सुरू झाली होती. पंधरा ऑगस्टला झेंडा लावून बगीचा सगळ्यांना खुला करायचा होता. झाडझूड आणि पाण्याला माणूस हवं होतं. राखीने सासूचं नाव सांगितलं. जागा साफ ठेवा आणि पाणी द्या, एवढं सांगून गुरुजी दोन दिवस लेकीकडे अकोल्याला गेले.

सोजरबाईने बगीच्याच्या मधोमध पाहिलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. गाळाची काळीभोर माती, लोण्यासारखी भुसभुशीत, आणि तिच्यात वीत वीत अंतरावर हरळीचे झुबके. शहरातल्या लोकांना जमीन कळत नाही हे तिला माहीत होतं, पण इतकी? तिने पदर खोचला. दीड दिवस ती जेवणापुरती उठली असेल नसेल. एक झुबका ठेवला नाही, एक मुळी तुटू दिली नाही. पावसाची उघडीप होती; सगळी हरळी तिने कंपाउंडच्या भिंतीवर उन्हात पसरली आणि कमरेवर हात ठेवून त्या स्वच्छ काळ्या जमिनीकडे पाहत उभी राहिली. वाशीमला आल्यापासून पहिल्यांदाच तिला आपण कोणीतरी आहोत असं वाटलं.

सोमवारी सकाळी गुरुजी आले ते समितीच्या चार माणसांना घेऊन. फाटकातच त्यांचे पाय थांबले. इथलं गवत, लॉन कुठे गेलं, असं त्यांनी विचारलं, आणि सोजरबाईने मोठ्या ऐटीत भिंतीकडे बोट केलं. गुरुजी कपाळावर हात मारून सांगू लागले तेव्हा तिला कळलं. ते गवत पैसे देऊन आणलं होतं, माणसं लावून रोवलं होतं, आणि त्यावर लोक अनवाणी चालणार होते. लावणारा आता नागपूरकडे कामाला गेला होता, दिवाळीशिवाय यायचा नव्हता. चौघांतले दोघे हसले, एक चिडला. बाई बदला, आपल्याला शिकलेला माळी पाहिजे, असं तो तिच्यासमोरच म्हणाला.

सोजरबाईला आयुष्यात कोणी कामावरून बोललं नव्हतं. नोकरी गेली असती तर ती घरी बसली असती, पण ज्या हाताचं सारं शिवार नाव घेत होतं, त्या हाताने काम बिघडवलं असं कोणी म्हणावं, हे तिला गिळवत नव्हतं. तिने भिंतीवरची एक कांडी उचलली, नखाने चिरून पाहिली. आत अजून पांढरी ओल होती.

"गुरुजी, पंधरा ऑगष्टपर्यंत मले कोनी बोलू नका," ती म्हणाली. "इले मारनं जिले येते, तिले जगवनंही येते."

गुरुजी पोरांच्या वह्या तपासून उगाच म्हातारे झाले नव्हते, आपली चूक कोण सुधारेल हे त्यांना कळायचं; त्यांनी मान डोलावली.

आणि मग सोजरबाईने चाळीस वर्षांची विद्या उलटी फिरवली. हरळीचा तुकडा करायचा नाही, जितके तुकडे तितकी हरळी, असं ती बायांना बजावायची. आता तिने कांड्या इळ्याने बोट बोट कापल्या. ओलीत ठेवायची नाही म्हणायची; आता तिने त्या भिजल्या बारदान्यात गुंडाळल्या. पण उन्हाने निम्मी मेली होती, सोजरबाई स्वतःच मारण्यात हुशार, त्याला कोण काय करणार. मग तिने आसेगावची एस.टी. धरली.

आपल्याच जुन्या वावराच्या धुऱ्यावर बसून ती हरळी खणत होती तेव्हा कमलीबाई आली आणि पाहतच राहिली.

"सोजर, काय करून राह्यली तू?"

"हरळी नेतो वाशीमले."

"काहून?"

सोजरबाईने काही लपवलं नाही, झालेली फजिती सगळी सांगितली. कमलीबाई धुऱ्यावर बसून डोळ्यांतून पाणी येईतो हसली, आणि हसता हसताच तिने दुसरं पोतं भरून दिलं. गाडीत कंडक्टरने पोत्यात काय म्हणून विचारलं. हरळी म्हटल्यावर त्याने तोंड फिरवलं, बाकी गाडीभर हसू पसरलं. सोजरबाई ताठ बसून खिडकीबाहेर पाहत राहिली.

चिखल करून तिने तुकडे दाबले, फळी टाकून तिच्यावर चालली, पाऊस नसेल त्या दिवशी वेळेवर पाणी दिलं. आठ दिवस काहीच दिसलं नाही आणि तो चिडका गृहस्थ रोज सकाळी चालताना मुद्दाम थांबून बघायचा. नवव्या दिवशी हिरवी टोकं दिसली. तिसऱ्या आठवड्यात मातीचा रंग झाकला. मधे उगवणारा गाजरगवताचा एकेक कोंब मात्र ती जुन्याच निष्ठेने मुळासकट काढत होती.

पंधरा ऑगस्टला झेंडा लागला, पोरांनी बुंदी खाल्ली, आणि चपला काढून अख्खा लेआउट गवतावर आला. गुरुजींनी माईकवर सोजरबाईचं नाव घेतलं तेव्हा राखीने इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की सासूला लाज वाटली. तो चिडका गृहस्थ बायकोला सांगत होता की असं गवत अकोल्यालाही नाही.

कमलीबाई पहिल्या गाडीने आली होती. तीही अनवाणी गवतावर उतरली, पायाखाली गार लागलं तशी हसली, आणि चाळीस वर्षांची सवय, हात आपोआप खाली गेला. तिने एक झुबका मुठीत धरला, ओढणार इतक्यात सोजरबाईने तिचं मनगट पकडलं.

"राहू दे कमले," ती म्हणाली. "ते माही हाय."