चौदाव्या मजल्याचा सातवा तुकडा

"पाय हलवायचे नाहीत," साहेब म्हणाला आणि माझे दोन्ही खांदे धरून मला पिळायला लागला.

फ्लॅट घेणाऱ्या लोकांना घेऊन तो आला होता. पंधरा-वीस माणसं, डोक्यावर नवीकोरी हेल्मेटं. त्यानं आखलेली इमारत वर जाताना कशी वळत जाते, ते त्यांना कळत नव्हतं. समोर मी दिसलो. हातात थापी, अंगावर सिमेंट, वय बासष्ट.

"हे पाय म्हणजे तळमजला. ही कंबर, विसावा. हे खांदे, चाळिसावा. वळ, बाबा. अजून. म्हातारं लाकूड आहे, पण वळतंय बघा!"

लोक हसले. एकानं मोबाईल काढला. कमरेत कळ आली तसा मी कण्हलो. त्याचीही त्यांना गंमत वाटली. आणि मी हसलो. हे लिहायलाच हवं. मीही हसलो.

मुरबाडहून धसईकडे जाताना माळावर कंपनीचं आवार होतं. इमारत मुंबईत, खाडीच्या कडेला उभी राहत होती. तिच्या बाल्कन्या इथं साच्यात ओतून ट्रेलरवरून जायच्या. प्रत्येक मजला खालच्यापेक्षा थोडा वळलेला, म्हणून एक तुकडा दुसऱ्यासारखा नाही. प्रत्येकावर मजला आणि नंबर. तुकड्याचे कोपरे, भोकं भरून तो गुळगुळीत करणं माझं काम. हात साफ होता. मी भरलेली जागा कोणाला सापडायची नाही.

तुकड्यांना पाणी मारायचं काम हिराबाईचं. ती वैशाखऱ्याजवळच्या ठाकूरवाडीतली, आदिवासी. आम्ही गावातली कुणबी माणसं सावलीत जेवायला बसायचो. ती लांब बसायची. तिला लांब कोणी बसवलं, हे आम्ही कधी विचारलं नाही. आम्हाला ठाऊक होतं.

त्याच दिवशी सकाळी तिनं हाक मारली होती.

"आबा, इकडं या. पानी सुकलं, पन ही रेघ सुकत नाय."

चौदाव्या मजल्याचा सातवा तुकडा. जिथं तो इमारतीला धरून राहणार, तिथंच केसासारखी काळी ओली रेघ. बाकी काँक्रीट पांढरं पडलेलं. साच्यातून उचलताना त्याला हिसका बसला होता, तो आम्ही दोघांनी पाहिला होता.

"वरवरची असेल गो," मी म्हटलं.

"खालनं बी वली हाय. तुमची कंबर वाकत नसंल तर माझ्या डोल्यांनी बघा."

मी वाकलो. ओली होती.

तेच सांगायला मी साहेबासमोर जाऊन उभा राहिलो होतो. मला पिळून झाल्यावर त्याला रेघ दाखवली. तो म्हणाला, "केसाएवढी आहे. तुझ्या डोक्यावर तेवढा तरी उरलाय का?" पुन्हा सगळे हसले.

लोक गेल्यावर सुपरवायझरनं मला ऑफिसात बोलावलं. "पाहुण्यांसमोर तोंड उघडतोस? तुझे कान कोण भरतंय?"

मी काचेतून बोट दाखवलं. हिराबाई पाण्याची नळी गुंडाळत होती.

दिवस मावळायच्या आत तिला कामावरून काढलं. मला म्हणाले, बुजव. मी ती रेघ खरवडली, भरली, घासली. दुसऱ्या दिवशी साहेबानं तिथून हात फिरवला. "वा, बाबा!" तुकडा ट्रेलरवर चढला.

आठ वर्षं मी गप्प बसलो. गेल्या आठवड्यात कंपनीचा फोन आला. इमारत घडवणाऱ्या हातांवर फिल्म करतोय, घरी येतो म्हणाले. मला झोप लागेना. परवा मी इमारत बघायला मुंबईला गेलो.

रस्त्यापलीकडे उभा राहून मजले मोजले. चौदावा. खाडीकडे वळलेला त्याचा कोपरा मी ओळखला. वर कोणीतरी मोठमोठ्या कुंड्या मांडल्या होत्या. एक बाई झारीनं पाणी घालत होती. तिच्या पायांखाली, तुकड्याच्या पोटाला, आता रस्त्यावरूनही दिसेल इतकी रुंद झालेली काळी रेघ. पावसाळा कधीच सरला होता. सगळी इमारत कोरडी. तेवढी रेघ ओली.

गेटवर सांगायला गेलो. वॉचमन म्हणाला, "काका, डिलिव्हरी हाय का? नाय ना? मग साइडला व्हा."

काल ठाकूरवाडीत गेलो. हिराबाई अंगण सारवत होती. उठली नाही.

"हिरा, तेव्हा मीच तुझ्याकडे बोट दाखवलं."

"म्हायती हाय. काचंतनं दिसलं मला. तवा सांगाया नाय आलात. आता कशाला आलात?"

मी सगळं कागदावर लिहून देतो, सरकारी कचेरीत सांगायला सोबत चल, म्हटलं. तिनं शेणाचा हात बादलीत बुडवला.

"येन. पन कागदावर पयलं माझं नाव. आन् पुढं तुमी चालायचं. या टायमाला माझ्या मागं लपायचं नाय."

आज सकाळी ते कॅमेरा घेऊन आले. साहेबही गाडीतून उतरला. मला पिळतानाचा तो जुना व्हिडिओ लोकांना फार आवडतो म्हणे.

"बाबा, एकदा वळून दाखव. तसंच."

मी अंगणात सरळ उभा राहिलो. "वळणार नाही."

"कंबर धरली का?"

"कंबर बरी आहे. चौदावा मजला, तुकडा सात. तिथं भेग आहे. ती हिराबाईनं दाखवली. तुम्ही बुजवायला लावली. मी बुजवली. घ्या फिल्मवर."

त्यानं हातानंच कॅमेरा खाली करायला लावला. गाडीत बसताना म्हणाला, "या वयात तुरुंगात जायचंय? थापी तुझी होती."

थापी माझीच होती. ते वर लिहिलंच आहे, खाली सहीही करतो. कचेरीत द्यायचा कागद हिराबाईचं नाव सगळ्यात आधी घालून वेगळा उतरवून काढला आहे.

उद्या पहाटे आम्ही निघतो. एका कचेरीनं कागद घेतला नाही तर दुसरीत देऊ. पण त्याआधी चौदाव्या मजल्यावर जायचं. गेटवर अडवलं तर गेटवरच बसायचं, ती बाई खाली येईपर्यंत. तिला सांगायचं, बाल्कनीत पाय ठेवू नका. तिचा विश्वास बसणार नाही. वरून काहीच दिसत नाही, इतकं ते काम साफ आहे.

म्हणून पिशवीत छन्नी आणि हातोडी टाकली आहे. मी भरलेली जागा कोणाला सापडत नाही. मला सापडते.