वामनरावांच्या डब्या

वामनराव खैरनार पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले तेव्हा त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून स्टीलची एक चिमुकली डबी काढली, वाटीतली आमटी चमचाभर तिच्यात ओतली, झाकण दाबलं आणि वर पांढरी चिकटपट्टी लावून बारीक अक्षरात लिहिलं, 'आमटी, शुभदा इनामदार, ब्लँचर्डस्टाउन'. मग दुसऱ्या खिशातून दुसरी डबी निघाली. भाजी गेली, कोशिंबीर गेली, लोणच्याची फोड गेली. माझ्या बायकोला, शुभदाला वाटलं, बिचाऱ्याला घरी न्यायचं असेल. तिने मोठा डबा पुढे केला.

"छे छे, खायला नाही," वामनराव म्हणाले. "उद्या कुणाला काही झालं तर पुरावा हवा ना."

ते गेल्यावर शुभदा भांडी आपटत म्हणाली, "उद्या कुणाला काही झालं नाही, तर मी स्वतः त्यांना काहीतरी करीन."

वामनराव आमच्या पलीकडच्या गल्लीत राहायचे आणि जवळच्याच एका औषधांच्या कारखान्यात क्वालिटीवर होते. तिथे म्हणे गोळ्यांची प्रत्येक बॅच बाहेर पडण्याआधी तिच्यातल्या थोड्या गोळ्या कपाटात राखून ठेवतात, म्हणजे पुढे तक्रार आली तर तपासता येतं. अंबरनाथला नोकरी केली तिथेही हेच, इथे आयर्लंडला आले तिथेही हेच. माणसाने नोकरी घरी आणू नये म्हणतात. वामनरावांनी ती दुसऱ्यांच्या घरी नेली. डब्या मूळच्या त्यांच्या बायकोच्या, मंदावहिनींच्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला लुटायला म्हणून त्यांनी त्या भारतातून मारे सुटकेस भरून आणल्या होत्या. इथे येऊन बघतात तर नवऱ्याने सगळं वाण सरकारजमा केलेलं.

त्या डब्या जायच्या त्यांच्या फ्रिजमध्ये. डब्लिनच्या पश्चिमेला ज्या ज्या मराठी बाईने कढईत फोडणी टाकली, तिची एक तरी डबी तिथे थंड पडलेली असायची. मी तर म्हणतो, त्या फ्रिजच्या वजनाने त्यांचं घर एका बाजूला कललं होतं. गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं की स्पष्ट दिसायचं. ज्यांना दिसलं नाही त्यांनी चष्मे बदलावेत.

आता एवढा माणूस आमटीवर थांबेल होय? युरोपाच्या चुलीवर जे जे शिजतं त्या सगळ्यावर वामनरावांचं मत तयार असे. शनिवारी सकाळी ते मला सुपरमार्केटात गाठायचे. तिथे मुदत संपत आलेल्या मालावर पिवळी स्टिकरं लावून तो एका कपाटात मांडतात. वामनराव त्या कपाटासमोर समुद्रावर वारा बघायला उभं राहावं तसे उभे राहात.

"इनामदार, अर्थव्यवस्था कळायला बँकवाल्यांना कशाला विचारता? इथे उभे राहा. कोपर कुणाचं लागतं ते बघा. विद्यार्थ्याचं लागलं, तर सगळं ठीक चाललंय. नर्सचं लागलं, तर जपून राहा. आणि वकिलाचं कोपर लागलं ना, की घरी जाऊन तांदूळ भरून ठेवा."

एकदा खरोखरच एका वकिलाचं कोपर मला लागलं. कोंबडीच्या तंगड्यांसाठी. त्यानंतर आठवडाभर वामनराव मला भेटल्यावर हात न मिळवता नुसतं कोपर चोळून दाखवायचे.

राजकारण तर त्यांना संसारासारखं सोपं वाटे. "युरोपियन युनियन म्हणजे काय, तर सत्तावीस सासवा आणि एक स्वयंपाकघर. ब्रिटनचं काय झालं? वेगळी चूल मांडली, आणि आता रोज वाटीभर साखर मागायला दारात." आयर्लंडला ते धाकटी सून म्हणत. "हसते सगळ्यांशी. पण परदेशी कंपन्या पाहुण्या म्हणून उतरतात त्या हिच्याच खोलीत. थोरल्या जळतात." इथले जन्माचे वैरी असलेले दोन पक्ष एकमेकांच्या मांडीला मांडी लावून सरकारात बसतात, हे पाहून माझ्यासारख्याला गंमत वाटे. वामनराव शांतपणे म्हणत, "लोकशाही पिकली की असंच होतं. आपल्याकडे जरा जास्तच पिकलीय."

पण जीव होता तो खाण्यावरच. निळी बुरशी आलेल्या चीजसमोर ते टोपी काढून उभे राहिलेले मी पाहिलेत. "अंबरनाथला बुरशी दिसली की अख्खी बॅच फेकायचो. इथे तिला गावाचं नाव देतात आणि कायद्याने संरक्षण देतात. तिचं संरक्षण! आपलं कोण करतं?" आणि मग बोट वर करून ठरलेलं वाक्य यायचं. "या खंडाचं सगळं चुकेल, इनामदार. लेबल चुकणार नाही. लेबल खरं आहे तोवर युरोप आहे."

तर अशा या माणसाची परीक्षा गणपतीत झाली.

आमच्या मंडळाचा गणपती बसतो तो वस्तीच्या हॉलमध्ये. हॉलच्या किल्ल्या नोरीनकडे. ही सत्तरीची बाई उंचीने माझ्या खांद्याला लागते आणि अधिकाराने डोक्यावर बसते. कशालाही ती "ग्रँड", म्हणजे झकास, म्हणते आणि वामनरावांना "युवर मॅन", म्हणजे आपला 'तो'. "युवर मॅन त्याच्या डब्या घेऊन आला का?" असं ती मला दरवर्षी विचारायची. त्या वर्षी रविवारी महाप्रसाद झाला. मसालेभात शुभदाचा. हॉलच्या कमिटीचे तिघे जण पाहुणे म्हणून आले, पोटभर जेवले, आरतीला टाळ्याही वाजवल्या. आणि सोमवारी तिघेही आडवे झाले.

बुधवारी नोरीन आमच्या दारात उभी. ग्रँड म्हणाली नाही, तेव्हाच मी ओळखलं. कमिटीचं म्हणणं होतं की काय बाधलं ते कळेपर्यंत हॉल आम्हाला बंद. दिवाळीलाही नाही, पुढच्या गणपतीलाही नाही. दुसरा हॉल म्हणजे थेट पार दुसऱ्या गावात, आणि तिथे समई लावली तर आगीचा भोंगा वाजतो. तासाभरात मंडळाच्या सगळ्या बायकांच्या नजरा शुभदाच्या मसालेभाताकडे वळल्या. उघड दोष कुणी दिला नाही. नुसतंच "तांदूळ कुठला होता गं?" असं गोड आवाजात विचारलं.

शुभदा रडली नाही. तिने चपला घातल्या. "चला वामनरावांकडे. त्यांच्याकडे माझी डबी आहे."

आयुष्यभर ज्या घटकेची वाट पाहिली ती दारात आलेली बघून वामनरावांचा चेहरा असा उजळला की मंदावहिनींनी बाहेरच्या खोलीतला दिवा बंद केला. "मी म्हणत होतो," ते म्हणाले. "आठ वर्षं म्हणत होतो. हसत होतात." त्यांनी फ्रिज उघडला. खालच्या फळीवर ओळीने डब्या, प्रत्येकीवर पट्टी. त्यांनी 'मसालेभात, शुभदा इनामदार' अशी डबी दोन बोटांत उचलली आणि झाकण काढलं.

आत चकचकीत तळात त्यांना त्यांचंच नाक दिसलं.

दुसरी उघडली. नाक. तिसरी उघडली. नाक.

"थालीपिठं लावली की काल," मंदावहिनी ओट्यापाशी कणीक मळता मळता म्हणाल्या.

"कशाची?"

"कशाची काय? नेहमीचीच. डब्यांतलं सगळं भाजणीत कालवायचं आणि लावायचं."

"नेहमीची?"

"मग आठ वर्षं तुम्ही काय खाताय दर आठवड्याला? मला अन्न टाकवत नाही. डब्या विसळून परत फ्रिजमध्ये ठेवते, जुन्या झाल्या की पट्टी काढून परत तुमच्या कोटात घालते. नाहीतर एवढ्या डब्या कुठून पुरल्या असत्या?"

घर कलल्याचं मी वर लिहिलंय, ते मागे घेतो. मुळातच वाकडं असणार.

वामनराव खुर्चीत बसले. "रविवारचं श्रीखंडसुद्धा?" त्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

"किंचित. मऊ होतं त्याने. आणि काल सहा खाल्लीत अहो. वर लोणी मागितलंत. म्हणालात, या खंडात डोळे मिटून खावी अशी एवढी एकच गोष्ट आहे."

कमिटीची बैठक त्याच संध्याकाळी होती. मी व्यवहारी माणूस. म्हटलं, शुभदा आत्ता कुकर लावेल, ताजा मसालेभात डबीत भरू, पट्टी तर आहेच, कोण बघतंय? वामनराव उठून उभे राहिले. त्यांना इतकं उंच मी कधी पाहिलं नव्हतं.

"इनामदार, मंदी येते, जाते. सरकारं पडतात, उभी राहतात. पण आत एक आणि लेबलावर दुसरं, असं मी केलं, तर मग त्या बुरशीत आणि माझ्यात फरक काय? बुरशीचं लेबल तरी खरं असतं."

हॉलमध्ये कमिटीचे तिघे फिकट चेहऱ्याने बसले होते. समोर आमचं मंडळ, फाशीचा निकाल ऐकायला आल्यासारखं. वामनराव पुढे गेले, रिकाम्या डब्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि आपल्या अंबरनाथी इंग्रजीत सगळं सांगितलं. डब्या, फ्रिज, भाजणी, आठ वर्षं. काहीही लपवलं नाही, लोणीसुद्धा. "रविवारी शिजलेला प्रत्येक पदार्थ माझ्या पोटात गेला," ते म्हणाले. "दोनदा गेला. एकदा ताटातून, एकदा थालीपिठातून. मी ठणठणीत आहे. माझ्याकडे दुसरा पुरावा नाही. हसायचं तर हसा."

मराठी माणसं आधी हसली, आणि सगळ्यात मोठ्याने तांदूळ कुठला म्हणून विचारणाऱ्याच हसल्या. वामनरावांचे कान लाल झाले. पण जागचे हलले नाहीत. हसू ओसरल्यावर त्यांनी क्वालिटीवाल्याचा खास प्रश्न टाकला. "तुम्ही तिघांनी असं काय खाल्लंत, जे बाकी कुणीच खाल्लं नाही?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग तिघांनीही नोरीनकडे पाहिलं. प्रसादानंतर ते चहाला आत स्वयंपाकघरात गेले होते. चहाबरोबर क्रीमचा केक होता.

"केक कुठून आला?"

"प्रेसमधून," नोरीन म्हणाली. प्रेस म्हणजे इथल्या भाषेत साधं कपाट. फ्रिज नव्हे.

"तिथे कधीपासून होता?"

"गेल्या आठवड्यात मंगळवारी बिंगो खेळलो तेव्हापासून. पण झाकण होतं हो त्याच्यावर. ग्रँड होता."

मंडळाच्या बायकांच्या नजरा शुभदाच्या मसालेभातावरून उठून नोरीनवर बसल्या.

"त्यातला थोडा राखून ठेवलाय?" वामनरावांनी आशेने विचारलं.

"संपला," नोरीन म्हणाली. "यांनीच संपवला."

कमिटीचे अध्यक्ष आधी हसले, मग पोट धरून हसले, आणि पोट अजून दुखत होतं म्हणून थांबले. हॉल आम्हाला परत मिळाला. मंदावहिनींनी पिशवीतून उरलेली थालीपिठं काढली. अध्यक्षांनी एक हातात घेऊन विचारलं, "यात काय काय आहे?" वामनरावांनी खिशातून पेन काढलं आणि कागदी रुमालावर लिहिलं, 'गहू, दूध, तीळ, मोहरी. बाकी मंदाकिनीला माहीत.' मग सही केली. माझी मुलगी ईरा, मराठी सगळं कळूनही जी आजवर आम्हाला इंग्रजीतच उत्तरं देत आली, ती माझ्या कानात म्हणाली, "बाबा, युवर मॅन इज अ लेजंड." मी तिला म्हटलं, काका म्हण. "काका इज अ लेजंड," ती म्हणाली.

पुढच्या उन्हाळ्यात वामनरावांना दूर केरी परगण्यात, ट्रलीजवळच्या एका कारखान्यात वरची जागा मिळाली. जाण्याआधीचं शेवटचं जेवण आमच्याकडे. त्यांनी खिशातून डब्या काढल्या, आमटी घेतली, मसालेभात घेतला, पट्ट्या लावल्या. फक्त या वेळी भरलेल्या डब्या खिशात न टाकता त्यांनी त्या शेजारी बसलेल्या मंदावहिनींच्या हातात दिल्या.

"थेट प्रयोगशाळेत," ते म्हणाले.

दोन दिवसांनी ट्रलीहून व्हिडिओ कॉल आला. खोक्यांच्या ढिगात वामनराव थालीपिठाचं ताट घेऊन बसलेले. शुभदा धावत आली.

"शुभदा, आमटी पास," ते तोंडात घास धरून म्हणाले. "मसालेभातही पास. केरीत वारा फार आहे, पण इथल्या सुपरमार्केटात अजून विद्यार्थ्यांचीच कोपरं लागतायत. युरोप बरा आहे."

"अहो, गार होतंय," मागून मंदावहिनी म्हणाल्या. "युरोप नंतर. आधी खा."