वाचून सही करा

माझ्या आत्याला कॉलेजात कुणी नावाने हाक मारत नाही. प्राध्यापकांपासून फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळे तिला ‘वाचूनसही’ म्हणतात, तेही पाठीमागे नाही, तोंडावर. कारण समोर कागद सरकवला की पेन देण्याआधी ती म्हणते, “वाचून सही करा.” हजेरीपत्रक असो, पंख्याच्या दुरुस्तीचा अर्ज असो, नाहीतर चार ओळींची पोच असो. लोक हसतात, न वाचता सही ठोकतात आणि चालते होतात. ती पुढच्या माणसालाही तेच म्हणते. तीसएक वर्षं म्हणतेय. एवढी चिकाटी तिने स्वतःच्या लग्नाच्या बाबतीत दाखवली असती, तर माझ्या आजीच्या डोक्याचा ताप तरी कमी झाला असता.

मी पुस्तकं बांधते. आठवड्यातले तीन दिवस कॉलेजच्या तळघरात, आत्याच्या हाताखाली. त्या तळघरात मोठ्या अध्यक्षांचे कागद आहेत. मोठे अध्यक्ष म्हणजे ज्यांनी हे कॉलेज एकोणीस वर्षं चालवलं ते. गेली चार वर्षं त्यांचा मुलगा त्या खुर्चीत बसतो. वय अठ्ठावन्न झालं तरी त्याला धाकटे अध्यक्षच म्हणतात. मोठ्यांनी खुर्ची सोडताना आपले सगळे कागद कॉलेजला दिले, एकेचाळीस खोकी, आणि स्वतःच्या हाताने दोन नियम लिहून ठेवले. पहिला, हे कागद पंचवीस वर्षं बंद राहतील, नंतर जो अर्ज करील त्याला दाखवायचे, मग तो कुणीही असो. दुसरा, एक जरी पान गठ्ठ्यातून बाहेर गेलं तरी त्याच्या जागी गुलाबी चिठ्ठी लागली पाहिजे. कोणतं पान, त्यात काय आहे, कोण नेतंय, कशासाठी, आणि खाली नेणाऱ्याची सही. नेणारा खुद्द अध्यक्ष असला तरी.

गेली दोन वर्षं आम्ही दोघी ती खोकी लावतोय. गंजलेल्या टाचण्या काढायच्या, दुमडलेले कोपरे सरळ करायचे, फाटलेल्या कडेला खळ लावून पातळ कागद चिकटवायचा, आणि प्रत्येक पानावर खाली उजवीकडे पेन्सिलने आकडा घालायचा. आकडे आत्या घालते. माझं अक्षर तिला पसंत नाही. माझं काम भोकं पाडून फीत ओवण्याचं आणि चिठ्ठ्या कापण्याचं.

माझ्या कागद कापायच्या सुरीला धार लावून देतात ते लॅबकाका. बाजाराच्या टोकाला त्यांचं चाक आहे. वय एकाहत्तर, पाठ ताठ, बोलणं मोजकं. पूर्वी ते याच कॉलेजच्या प्रयोगशाळेत परिचर होते. एकतीस वर्षांपूर्वी तिथला काचेच्या पेटीतला नाजूक तराजू नाहीसा झाला, कपाटाची किल्ली यांच्याकडे होती, चोरीचा ठपका यांच्यावर आला आणि नोकरी गेली. तेव्हापासून बाजारात त्यांना ‘तराजू’ म्हणतात. पोरं ओरडायची, ती पोरं आता बाप झाली, तीही म्हणतात. किराणा दुकानात काम मागायला गेले तर मालक म्हणाला, बाबा, आमच्या तराजूला तू हात लावू नकोस. म्हणून मग चाक घेतलं. पण माणूस मोठा हट्टी. दरवर्षी कॉलेजात अर्ज देत आले, माझ्या बडतर्फीचे कागद मला पाहायचे आहेत. दरवर्षी उत्तर एकच, कागद बंद आहेत. मुदत या महिन्याच्या अखेरीला संपत होती. पुढच्या एक तारखेला ते येणार हे अख्ख्या बाजाराला ठाऊक होतं.

“तुमच्या आत्यांना सांगा, पहिला नंबर माझा,” ते मला म्हणाले. “मरायच्या आधी एकदा मला लेखी बघायचंय. चोर तर चोर. नाही तर नाही.”

मी ते आत्याला सांगितलं. ती खोक्यात डोकं घालून होती. वर न बघता म्हणाली, “एकशे अठरा नंबरचं पान आण.”

मी आणलं. कार्बन कॉपी होती, निळसर, कडेने विटलेली. पत्र मोठ्या अध्यक्षांचं, लॅबकाकांच्या नावे. मी उभ्यानेच वाचलं आणि मग स्टूल ओढून बसले.

“आपण तराजू चोरलेला नाही. तो मीच माझ्या गाडीतून दुरुस्तीला पाठवला होता आणि कामाच्या गडबडीत विसरलो. आज दुकानदार तो परत घेऊन आला. आपल्या बडतर्फीच्या आदेशावर मी न वाचता सही केली. वाचला असता तर तराजू कुठे आहे हे मला त्याच क्षणी आठवलं असतं. मी आपली माफी मागतो. आपण उद्यापासून कामावर यावं.”

“हे पाठवलं नाही?” मी विचारलं.

“नाही,” आत्या म्हणाली. “मोठ्यांनी संध्याकाळी सांगितलं, राहू दे सध्या, आठवड्याभरात तपासणी समिती येतेय, कॉलेजची शोभा होईल. मग राहिलंच. तराजूला नवा नंबर घालून कपाटात ठेवला.”

तेव्हा ती तेवीस वर्षांची, अध्यक्षांची टायपिस्ट. सह्यांचा गठ्ठा तीच तयार करायची आणि सही कुठे करायची तिथे पेन्सिलने फुली मारायची. अध्यक्ष फुली बघायचे, कागद नाही. बडतर्फीचा आदेश त्या दिवशी गठ्ठ्यात एकवीस कागदांच्या मध्ये होता. फुली हिनेच मारली होती.

“आणि तू गप्प बसलीस?” माझा आवाज चढला. चढणारच. ते काका माझी सुरी डोळ्याजवळ धरून दहा दहा मिनिटं घासतात, आणि माझ्या घरातल्या बाईला सगळं माहीत होतं.

“बसले. नोकरी गेली असती. तुझा बाप तेव्हा शिकत होता, त्याच्या पाठचा शाळेत होता. मीच मिळवती होते.”

म्हणजे माझ्या बापाचं शिक्षण या गप्प बसण्यावर झालं. मला आत्याची चीड आली, बापाची आली, आणि स्वतःचीही आली, कारण त्या शिक्षणातून मिळालेल्या घरात मी वाढले. दोन दिवस मी तिच्याशी कामापुरतंच बोलले. तिने माझी मनधरणी केली नाही. सूची करताना मात्र तिने त्या पानासमोर अगदी स्वच्छ टाइप केलं, ‘पान ११८. न पाठवलेलं माफीपत्र, प्रयोगशाळा परिचराला.’

ती सूचीच धाकट्या अध्यक्षांनी मागवली. एक तारखेला वडिलांच्या नावाने दालन उघडायचं होतं, पाहुणे यायचे होते, काचेच्या पेट्या बनत होत्या. सूची वर गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वारी तळघरात हजर. चार वर्षांत पहिल्यांदा. खाली उतरायला जिना आहे हे त्यांना माहीत आहे याचंच मला नवल वाटलं.

“बाई, ते एकशे अठरा नंबरचं पान माझ्याकडे द्या,” ते गोड आवाजात म्हणाले. “घरगुती कागद आहे, इथे चुकून आलाय. आणि तुमच्या निवृत्तीला चार वर्षं आहेत ना? ती याच खोलीत जावीत असं मला वाटतं.”

धमकी कशी द्यावी हे शिकावं तर मोठ्या माणसांकडून. मी सुरी खाली ठेवली. मला वाटलं आत्या आता उसळेल.

“देते,” आत्या म्हणाली. “चिठ्ठी करावी लागेल. वडिलांचा नियम आहे.”

“करा ना. दुपारी सहीला पाठवा.”

ते गेल्यावर मी तिच्यावर तुटून पडले. एकदा शेपूट घातलंस, आता पुन्हा घालतेस? तो म्हातारा एक तारखेला येऊन काय बघणार, तुझी गुलाबी चिठ्ठी? आत्याने मला बोलू दिलं. माझा दम संपल्यावर म्हणाली, “हो, चिठ्ठीच बघणार. आज पोस्टकार्डाएवढी कापू नकोस. गुलाबी कागदाचा अख्खा फुलस्केप दे.”

तिने जुना टाइपरायटर पुढे ओढला. ‘कोणतं पान’ समोर ११८ घातलं. ‘त्यात काय आहे’ समोर ते पूर्ण पत्र उतरवून काढलं, तारखेसकट, स्वल्पविरामासकट, एक अक्षर न गाळता. ‘कोण नेतंय’ समोर धाकट्यांचं नाव आणि हुद्दा. ‘कशासाठी’ समोर, ‘घरगुती कागद आहे असे त्यांचे म्हणणे.’ मग खाली पेन्सिलने फुली मारली.

सहीला कागद शिपायाबरोबर पाठवायचा असतो. आत्या स्वतः गेली, आणि मी मागोमाग, खळीचे हात पुसत. धाकटे अध्यक्ष फोनवर कुणालातरी फीत कोणत्या रंगाची हवी ते सांगत होते. आत्याने कागद समोर ठेवला.

“एवढी मोठी चिठ्ठी?” त्यांनी फोनवर हात ठेवत विचारलं.

“पानात काय आहे ते पूर्ण लिहिलंय,” आत्या म्हणाली. “वाचून सही करा.”

ते हसले. “तुमचं हे अजून चालूच आहे का?”

“चालूच आहे. वाचून सही करा.”

त्यांनी फुली शोधली, सही केली, बाजूच्या पॅडवर शिक्का टेकवून खाली उमटवला आणि फोनवर म्हणाले, जांभळी नको, सोनेरीच. आत्या जागची हलली नाही. तिसऱ्यांदा म्हणाली, “अजून वेळ आहे. एकदा वाचून घ्या.” त्यांनी हातानेच जा म्हणून खूण केली. मग आत्याने एकशे अठरा नंबरचं पान त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि आम्ही खाली आलो.

एक तारखेला दालनात पंचवीसेक माणसं होती. सोनेरी फीत कापून झाली, चहा फिरत होता. लॅबकाका इस्त्रीचा सदरा घालून कोपऱ्यातल्या वाचायच्या टेबलाशी बसले. आत्याने त्यांचा अर्ज घेतला, गठ्ठा आणला, फीत सोडली. ते बोट लावून आकडे बघत गेले. एकशे सोळा, एकशे सतरा, आणि मग गुलाबी कागद.

त्यांनी वाचायला सुरुवात केली. पुटपुटत वाचायची त्यांची सवय. पण कान वयोमानाने कमी, त्यामुळे त्यांचं पुटपुटणं चार माणसांना ऐकू जातं. ‘आपण तराजू चोरलेला नाही’ इथपर्यंत आले तेव्हा टेबलाजवळची दोन माणसं वळली. ‘मी आपली माफी मागतो’ झालं तेव्हा दालनात फक्त त्यांचाच आवाज होता. धाकटे अध्यक्ष कप घेऊनच तिथे आले.

“हे काय आहे?”

“चिठ्ठी,” आत्या म्हणाली. “पान तुम्ही नेलंय त्याची. खाली सही तुमची आहे.”

त्यांनी सही पाहिली. “मी हे वाचलं नव्हतं.”

“तुमच्या वडिलांनीही वाचलं नव्हतं,” लॅबकाका म्हणाले.

“काढा ते,” धाकटे दबक्या आवाजात म्हणाले. “आत्ताच्या आत्ता काढा.”

“काढते की,” असं म्हणून आत्याने खणातून दुसरा कोरा गुलाबी फुलस्केप घेतला आणि त्यांच्यापुढे केला. “हाही गठ्ठ्यातलाच कागद आता. काढला की त्याच्या जागी चिठ्ठी लागेल. त्यात काय आहे ते पूर्ण लिहावं लागेल, आणि खाली सही.”

पंचवीस माणसं बघत होती. धाकट्यांनी कागद घेतला नाही. आत्याने तो टेबलावर, त्यांना हात पुरेल असा ठेवून दिला. नोकरीचं पुढे काय होईल ते होईल, पण त्या घडीला माझी आत्या मला फार आवडली.

लॅबकाकांचं मात्र तिकडे लक्ष नव्हतं. ते आत्याकडे बघत होते. “बडतर्फीचा आदेश तुम्हीच टाइप केला होता ना?”

“हो. हे पत्रही मीच केलं होतं.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं.”

“हो,” आत्या म्हणाली. “सगळी वर्षं. माफी मागायला मला तोंड नाही. नक्कल देऊ शकते. सही शिक्क्यासकट.”

काकांनी तिला माफ केलं असं मला वाटत नाही, आणि का करावं? ते एवढंच म्हणाले, “द्या. बाजारात लावायचीय, चाकाच्या वर.”

आत्याने नकलेचा छापील अर्ज काढला, खाली पेन्सिलने फुली मारली आणि त्यांच्यापुढे सरकवला. “वाचून...”

“वाचतोय,” काका म्हणाले.

त्यांनी चष्मा पुसला. मथळा वाचला, अर्जदाराच्या सूचना वाचल्या, बारीक अक्षरातले आठही नियम वाचले, मागची बाजू उलटून तीही वाचली. पाहुण्यांचा चहा निवला. धाकटे अध्यक्ष रिकामा कप धरून उभेच होते, कुणी त्यांना बसा म्हटलं नाही. सगळं वाचून झाल्यावर लॅबकाकांनी आत्याने पुढे केलेलं पेन बाजूला सारलं आणि सदऱ्याच्या खिशातून स्वतःचं काढलं.