तांड्याची विहीर

आमच्या अहवालातल्या पाण्याच्या प्रकरणात एक ओळ आहे : ‘तांड्याची विहीर – पाणी पिण्यास निर्दोष.’ ती ओळ चुकीची आहे. चूक माझी आहे आणि अहवाल छापायच्या कितीतरी आधी ती मला कळली होती. अहवाल करणाऱ्या तुकडीतले बाकीचे सगळे वारले. मी सांगितलं नाही तर ओळ तशीच राहील.

नवं राज्य होऊन थोडाच काळ झाला होता. आमच्या विद्यापीठातल्या वैद्यक, रसायन, भूगर्भ आणि समाजशास्त्र या चार विभागांनी मिळून एका गावाचा अभ्यास करायचं ठरवलं. एकेका शास्त्राला माणसाचा एकेक तुकडाच दिसतो, सगळ्यांनी मिळून पाहिलं तर अख्खा माणूस दिसेल, असं रसायनाचे सर म्हणत. फुलसावंगीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी ते गाव होतं आणि तिथून मैलभर चढावर बंजाऱ्यांचा तांडा. तांड्यातल्या लेकरांचे पाय गुडघ्यात वाकत होते, गावातल्या लेकरांचे नाही. हे कशानं, एवढंच शोधायचं होतं. डॉक्टरांना पाण्यातल्या क्षाराचा संशय होता.

मी रसायनाचा विद्यार्थी. पण कळंबचा, वऱ्हाडी बोलणारा, म्हणून लोकांशी बोलायचं कामही माझ्याकडेच आलं. त्याचा मला गर्व होता. सरांनी काचेच्या बाटल्या दिल्या आणि गावची विहीर व तांड्याची विहीर, दोन्हींचं पाणी आणायला सांगितलं. जीपचा ड्रायव्हर यवतमाळचा, वयानं मोठा मुसलमान माणूस. तो म्हणाला, “एवढं शिकून शेवटी पानीच भराले आले काय, बाबू?”

गावची विहीर झाली. दुसरीसाठी मी पारावरच्या माणसाला विचारलं, तांड्याची विहीर कोणती? त्यानं गावाबाहेरच्या आंब्याकडे हात केला. जीप थेट तिथवर गेली. चढ चढावा लागला नाही याचं मला बरंच वाटलं. बाटली भरली, चिठ्ठी डिंकानं चिकटवली. पाणी तपासण्याचं सामान सरांनी शाळेतच मांडलं होतं. दोन्ही पाणी सारखंच निघालं, चांगलं. त्या संध्याकाळी सरांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. आपल्या मातीतला मुलगा असला की काम कसं होतं बघा, म्हणाले. पुढच्या संशोधनासाठी मला स्वतःकडे घ्यायचंही बोलले.

निघायच्या दिवशी काही प्रश्नावल्या अपुऱ्या होत्या, म्हणून मी तांड्यावर गेलो. एका घरासमोर एक बाई धाकटीला मांडीवर घेऊन बसली होती. थोरली सहा-सात वर्षांची, भिंतीला धरून उभी. तिचे गुडघे एकमेकांना घासत होते. तुमचं पाणी तपासलं, चांगलं आहे, असं मी बाईला सांगितलं.

“कवा तपासलं, भाऊ? आमच्या हिरीवर तं कोनी आलंच नाई.”

मी आंब्याखालची विहीर सांगितली. ती हसली.

“थे तं बैलायची हीर व्हय. माह्या आज्याच्या वक्ती मिठाचे बैल घेऊन तांडा तिथं उतरे. म्हनून तांड्याची म्हनतेत. आमची हीर हे वरची.”

मग धाकटीचे पाय तिनं हातानं सरळ करून मला दाखवले. “मोठीचे तं गेले. या लायनीचे तरी वाचतीन ना?”

मी हो म्हणालो.

खाली जीप उभी होती. पेटीत कडब्यात एक रिकामी बाटली होती. तासाभराचं काम होतं. सर पेटीला दोरी आवळत होते. त्यांनी विचारलं, सगळं झालं ना? माझ्या तोंडाशी आलं होतं. पण ज्या भाषेच्या जोरावर मला आणलं होतं, तिच्यातलाच ‘तांड्याची’ हा शब्द मला कळला नव्हता, हे चार विभागांपुढे बोलायची छाती झाली नाही. मी झालं म्हणालो.

पुढचं सगळं त्या बाटलीवर उभं राहिलं. पाणी चांगलं, म्हणून डॉक्टरांनी संशय सोडला. मग दोष खाण्याचाच असणार, म्हणून समाजशास्त्राच्या बाईंनी तांड्याच्या जेवणावर चाळीस पानं लिहिली. अहवालाचं कौतुक झालं. मला सरांकडे जागा मिळाली, मग नोकरी.

सहा-सात वर्षांनी, त्याच दशकात, दुसऱ्या एका कामासाठी मी त्या बाजूला गेलो आणि न राहवून तांड्यावर चढलो. बाईनं मला ओळखलं. धाकटी वरच्या विहिरीवरून डोक्यावर घागर घेऊन येत होती. लांबूनच दिसलं. चालताना तिचे गुडघे एकमेकांना घासत होते.

बाईनं माझ्यावर राग धरला नव्हता. ती सांगत होती की थोरलीचे पाय वाकल्यापासून प्यायचं पाणी ती कोसभरावरच्या नाल्यात, वाळूत खणलेल्या झिऱ्यावरून आणायची, वरच्या विहिरीच्या पाण्यावर तिचा भरवसा नव्हता. “पन तुमच्या सायबायनं कागदावर चांगलं लिवलं. ग्रामसेवकानं वाचून दाखवलं. मंग कायले जाचं तितक्या दूर?”

तेव्हाही मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं मला काय म्हटलं असतं, याचाच विचार मी करत होतो. धाकटीनं घागरीतून तांब्या भरून माझ्यापुढे धरला. पाणी गार होतं, चवीला काहीच वेगळं नव्हतं. मी सगळं प्यायलो. एका तांब्यानं काही होत नाही, हे मला माहीत होतं.