पेटी कुठल्या कुटुंबातली?

आमच्या हिला सगळे 'बाई' म्हणतात. मीसुद्धा. पुढच्या खोलीत ती गाणं शिकवायची, तेही फक्त नवशिक्यांना. "तयार गळ्यांना कोणीही शिकवेल, मला कोरी पाटी द्या," म्हणायची. मी कारखान्यात फिटर, माझा गळा म्हणजे गंजलेली बिजागरी. पण भिंतीपलीकडून ऐकून ऐकून मला सगळं तोंडपाठ. आधी सा पक्का करा, बाकीचे सूर त्याच्या आधारानं लागतात. गाण्याचा वेग ती लय. कोणी लय वाढवली की बाई विचारायची, "बस चुकतेय का तुमची?" ठोक्यांचं चक्र जिथून सुरू होतं आणि फिरून जिथे येतं, ती सम. कोणाची सम हुकली की बाई कपाळाला हात लावायची आणि लगेच हसायची.

मग तिला अर्धांगाचा झटका आला. हातपाय सुधारले, पण बोलणं गेलं ते गेलंच. डॉक्टर म्हणाले, शब्द आत आहेत, पण गप्प राहायची सवय लागली तर अवघड होईल. मी काय काय नाही केलं! लाडीगोडी लावली, चिडलो, जुने फोटो दाखवले. ती नुसती माझा हात थोपटायची. घर अगदी खायला उठायचं.

विद्यार्थी गळायला लागले, तेव्हा मीच वर्ग घ्यायला बसलो. शेजारी खुर्चीत बाई, समोर कोपऱ्यावरचा शिंपी आणि त्याची बहीण. धडा वाद्यांचा. मी ऐटीत सुरुवात केली.

"वाद्यांची चार कुटुंबं. आवाज कशातून निघतो, त्यावरून ओळखायची. तारेतून निघाला तर तंतुवाद्य, म्हणजे सतार, गिटार. ताणलेल्या चामड्यातून निघाला तर चर्मवाद्य, म्हणजे तबला, ढोलकी. हवेनं वाजतं ते सुषिरवाद्य, आपली बासरी. आणि अख्खा धातू नाहीतर लाकूडच ठणकतं ते घनवाद्य. झांजा, घंटा."

"आणि पेटी?" शिंप्यानं विचारलं.

झाली का पंचाईत! पण माघार घेईन तर मी कसला? "लाकडाची पेटी, वरून बोटं आपटायची. म्हणजे घन!" दिलं ठोकून.

बाईनं जोरात मान हलवली.

"घनच गं!" मी हट्टाला पेटलो.

ती तरातरा उठली, पेटीपाशी गेली, मागचा भाता दाबून दाखवला. ओठ वाकडे झाले, मानेच्या शिरा ताठल्या. "ह... हवा!"

शिंप्याची बहीण रडायलाच लागली. फिटर असून मी भाता विसरलो होतो, पण लाज कुठली वाटतेय! आनंदानं नुसता वेडा झालो होतो. आता थांबतोय कसला?

"बरं, मग तबला? तंतुवाद्य ना?"

"चा... चामडं!"

"आणि सतार फुंकून वाजवतात ना?"

बाईनं डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं. माझी लबाडी तिनं बरोबर ओळखली होती.

"अहो," ती म्हणाली, अख्खा शब्द, जराही न अडखळता. "पुरे."

मी दोन्ही हातांत तोंड लपवलं आणि वर्गासमोर ढसाढसा रडलो.