उपासनानं न बोललेली वाक्यं

निपाणीच्या आमच्या लहानशा वाचनालयात उपासना एकोणीस वर्षं पुस्तकं देण्याघेण्याचं काम करते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी रोज सकाळी तिथं पेपर वाचायला जातो, म्हणून ही हकीकत मला माहीत. बरीचशी तिनंच सांगितलेली, थोडी मी डोळ्यांनी पाहिलेली.

तिच्या आवाजाबद्दल आधी सांगायला हवं. तो गोड नाही. जरासा जाड, सावकाश, आणि शेवटचा शब्द अलगद खाली ठेवणारा. भरली घागर कट्ट्यावर टेकवावी तसा. तिची आई सुलाबाई विडी कारखान्यात विड्या वळायची. शाळा सुटली की उपासना दप्तरासकट तिथंच जायची. मांडीवर सुपं घेतलेल्या तीस-चाळीस बायका, आपोआप चालणारी बोटं, तंबाखूच्या धुरळ्यात तरंगणारी उन्हाची तिरीप. त्यांतल्या बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. एक दिवस कुणीतरी म्हणालं, "सुलाबाई, तुझ्या पोरीला त्यो पेपर वाचाय लाव की." तेव्हापासून दहावीपर्यंत तिनं त्या बायकांना रोज पेपर वाचून दाखवला. धुरळ्यानं घसा धरायचा, म्हणून सावकाश वाचायची सवय लागली. वखारीतून तंबाखूची पोती आणणारे आण्णाप्पा हे सुलाबाईचे मानलेले भाऊ. पोती उतरवून झाली तरी ते दारात उभे राहायचे. "मेलेल्या माणसांच्या बातम्या शेवटाला वाच पोरी," म्हणायचे, "तवर मी जातो."

चार वर्षांपूर्वी बेंगळूरच्या एका कंपनीची दोन माणसं वाचनालयात आली. त्यांना मशीनला मराठी शिकवायची होती, पण पुस्तकातली नाही, आमच्या सीमाभागातली. शाळेत 'न्हाय' म्हटलं म्हणून उपासनानं छड्या खाल्ल्या होत्या. छड्या मारणाऱ्यांत, खोटं का बोला, मीही होतो. आणि आता तेच 'न्हाय' कुणीतरी इतक्या लांबून मागायला आलं होतं. तिला फार बरं वाटलं. तिनं फोनवर ते ॲप घेतलं, चौदा पानांचा इंग्रजी करार बोटानं वर सरकवला आणि खाली 'सहमत' दाबलं.

वाक्यं होती पाच हजार. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून दुपारी ती आतल्या खोलीत दोरीवर वाकळा टांगायची आणि त्यांच्या मधे बसायची. जुन्या लुगड्यांच्या त्या वाकळा, आईच्या, मावशीच्या, आजीच्या; त्यांचा मऊ उबट वास; आणि समोर फोनवर एकामागून एक उगवणारी, कुणाचीच नसलेली वाक्यं. 'लई दिसांनी आलासा.' 'बटाट्याला मोड आल्यात.' 'नदीपल्याड कोण गेलंय?' काही आनंदानं म्हणायची, काही काळजीनं. ती मला म्हणाली, "सर, वाचता वाचता मला कळंनासं व्हायचं की मी कुठं हाय. नदीपल्याड कोण गेलंय म्हणताना खरंच कुणीतरी पाठमोरं चाललेलं दिसायचं." अडीच महिने हे चाललं. मग वाकळा घडी होऊन कपाटात गेल्या आणि ती ते सगळं विसरूनही गेली.

गेल्या वर्षी माघाच्या अखेरीस कोगनोळीहून शालनचा फोन आला. शालन ही आण्णाप्पांची लेक. म्हातारपणी ते तिच्याकडंच राहायला गेले होते. "आप्पांच्या पायाला जखम झालीया, भरंना. तुला बघायचं म्हणत्यात."

उपासना दुपारच्या बसनं गेली. हायवेच्या कडेला उसाचे ट्रॅक्टर ओळीनं उभे होते आणि धुक्यासारखा बारीक धुरळा सगळ्यावर पसरला होता. आण्णाप्पा पडवीत खाटेवर होते. डाव्या पायाला फडकं, त्यातून येणारा वास. चप्पल लागल्याचं निमित्त झालं होतं म्हणे.

"मामा, साखरेच्या गोळ्या घेतासा न्हवं?"

आण्णाप्पांनी तिच्याकडं नवल केल्यासारखं बघितलं. "गोळ्या? अगं, तूच सांगितलंस की सोडा म्हणून."

"मी? कवा?"

"फोनवर. रोज सांगतीस." त्यांनी उशाखालचा फोन काढला आणि अंगठ्यानं चाचपडत एक व्हिडिओ लावला. हिरव्या डोंगराचं चित्र, पुढं चूर्णाचा डबा. आणि त्या डोंगरातून उपासना बोलू लागली.

'आण्णा, आक्का, साखरंच्या गोळ्या किती दिस गिळणार हायसा? माझ्या आईला बारा वर्षं साखर व्हती. ह्या चूर्णानं तिच्या गोळ्या सुटल्या बघा.'

तेच जाड, सावकाश बोलणं. शेवटचा 'बघा' तसाच अलगद खाली ठेवलेला. हे वाक्य तिनं जन्मात उच्चारलं नव्हतं. पण क्षणभर, तिनं मला शपथेवर सांगितलं, क्षणभर तिला वाटलं की बोललेही असेन. वाकळांच्या आत कधीतरी, गुंगीत.

"हे मी न्हाय मामा," ती म्हणाली.

"मग कोण? तुझा आवाज मी वळखत न्हाय व्हय? आणि सुलाबाईला साखर हायच की. तिच्या गोळ्या सुटल्या म्हणल्यावर मी पण सोडल्या. तीन म्हैनं झालं."

सुलाबाई त्या घडीला निपाणीत सकाळ-संध्याकाळ गोळ्या घेत होती.

उपासनानं तिथल्या तिथं भावाला फोन लावला. सुगत बेळगावात वकिली करतो. तो गाडी घेऊन आला आणि त्याच संध्याकाळी आण्णाप्पांना बेळगावला दवाखान्यात नेलं. पाय वाचला, दोन बोटं गेली. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर उशीर झाला असता तर गुडघ्यापासून काढावा लागला असता. दहा-बारा दिवस उपासना रजा टाकून तिथंच होती. आण्णाप्पांशी ती फारसं बोलायची नाही. पाणी हवं का एवढं विचारायलाही हातानं खुणा करायची. शेवटी तेच म्हणाले, "मुकी झालीस काय गं?"

"माझ्या तोंडावर तुमचा इस्वास बसंल का आता, मामा?"

आण्णाप्पांनी पायावरची चादर सारखी केली. "तुझा राग न्हाय पोरी," ते म्हणाले. "आवाजाचा येतोय जरा."

सुगतनं करार काढून वाचला. अकराव्या पानावर लिहिलं होतं की हा आवाज कंपनी कुणालाही, कशासाठीही वापरू देऊ शकते. "तायडे, तू हे वाचलं न्हवतंस?" त्यानं विचारलं. तिनं मान हलवली. त्यानंही पुढं काही विचारलं नाही. त्याच्या स्वतःच्या फोनमधे असे किती करार न वाचता मान्य केलेले आहेत हे त्यालाही ठाऊक होतं. पोलिसांत तक्रार दिली. ती जाहिरात दोनदा काढून टाकली गेली आणि दोनदा दुसऱ्या नावानं परत आली.

मग उपासनानं कंपनीला फोन केला. पलीकडं एक तरुण बाई होती, नम्र, खरंच ओशाळलेली. तिनं आठ दिवसांनी चौकशी करून सांगितलं, "मॅडम, चूर्णवाल्यांनी आवाजाची नक्कल कुठून उचलली ते आम्हाला सापडलेलं नाही. तुम्ही म्हणाल तर आम्ही आमच्याकडचा तुमचा आवाज कायमचा पुसून टाकतो. तुमचा तो हक्क आहे. पण त्यांच्याकडची नक्कल आम्हाला पुसता येणार नाही."

"मग पुसून बंद काय हुणार?"

"आमच्याकडं जिथं चालतो, तिथला. शेतकऱ्यांना हवामान सांगतो तो. आणि अंध मुलांना पुस्तकं वाचून दाखवतो तो." थोडं थांबून ती म्हणाली, "तुमच्या भागातल्या मुलांसाठी एवढा एकच आवाज आहे."

म्हणजे चोर राहणार आणि शेजारधर्म जाणार. ते काही दिवस उपासना वाचनालयात नुसती बसून असायची. फाल्गुनातली दुपार, खिडकीबाहेर शेवरीचा कापूस उडायचा, आणि ती त्याच्याकडं अशी बघत राहायची की पुस्तक परत द्यायला आलेला माणूसही खाकरायला संकोचायचा. मला म्हणाली, "सर, मी इथं गप बसलीया, आणि ह्या घडीला मी किती घरांत बोलतीया कुणास ठाऊक. एखाद्याला म्हणत आसंन पाऊस येणार न्हाय. एखादीला इतिहास सांगत आसंन. एखाद्याला मारत पण आसंन." मी मास्तर माणूस, दुसऱ्याला सांगायला माझ्याकडं नेहमी काहीतरी असतं. त्या दिवशी मी नुसती पेपरची घडी घातली.

त्यांतलं एखादं मूल मला भेटवा, असं उपासनानं कंपनीच्या त्या बाईला सांगितलं, तेव्हा तिनं आधी मुलीच्या घरच्यांना विचारून मग एक पत्ता दिला. संकेश्वरला तेजस्वी नावाची मुलगी, दहावीत, जन्मापासून दृष्टी नाही. उपासनाच्या आवाजात सर्वांत जास्त पुस्तकं ऐकणारी तीच. एका रविवारी उपासना तिकडं गेली. गावाबाहेर साखर कारखान्याचा गोडसर, जड वास. उसाच्या तुऱ्यांवरून पांढरं ऊन घसरत होतं. मळ्यातल्या घरासमोर तेजस्वीचे वडील परशराम गोठा झाडत होते. आतून कुणीतरी विज्ञानाचा धडा वाचत होतं. उपासना दारातच उभी राहिली. आतही तीच वाचत होती.

"तेजस्वी हाय का घरात?" तिनं विचारलं.

धडा थांबला. मग एक मुलगी भिंतीला हात लावत दारापर्यंत आली, मान किंचित तिरकी, आणि अगदी हळू म्हणाली, "परत बोला."

"मी निपाणीची उपासना."

"आई गं," मुलगी म्हणाली. "तुमी श्वास घेतासा!"

त्या दुपारी दोघी पडवीत बसल्या. तेजस्वीनं तिला सांगितलं की फोनातली मावशी कधी खोकत नाही, कधी दमत नाही, 'ळ' जरा घसरवते. पुण्याच्या आवाजात धडा ऐकला की परक्याच्या घरात बसल्यासारखं वाटतं आणि हिच्या आवाजात ऐकला की स्वयंपाकघरात. तिनं उपासनाचा हात धरून तिच्या घशावर आपली बोटं टेकवली. "बोला काहीतरी." उपासनानं एक ते वीस आकडे म्हटले. मुलगी घशातली थरथर बोटांनी ऐकत राहिली.

मग उपासनानं तिला सगळं सांगितलं. आण्णाप्पांची बोटं, तो डोंगर, तो डबा. आणि आवाज पुसायचा विचारही.

"आवाज तुमचा हाय," तेजस्वी म्हणाली. "मी नगं कशी म्हणू? पर परीक्षा झाल्यावर पुसा. एवढं चालंल का?"

परशराम खराटा हातात धरून तसेच उभे होते. त्यांनी तोंड दुसरीकडं केलं.

परतीच्या बसमधे उपासनाला डुलकी लागली. स्वप्नात तिचा आवाज हायवेवरून एकटाच चालला होता, आणि दोन्ही बाजूंची माणसं त्याला घरात बोलवत होती. काही पाट मांडत होती, काही दार लावून घेत होती. निपाणीच्या स्टँडवर कंडक्टरनं हाक मारली तेव्हा ती जागी झाली आणि उतरण्याआधीच तिचं ठरलेलं होतं.

तिनं आवाज पुसला नाही. सुगतकडून कंपनीला कानडी आणि इंग्रजीत पत्र लिहून घेतलं: आवाज पुस्तकांना आणि हवामानाला राहू दे, इतर कशालाही मला विचारल्याशिवाय नको, आणि प्रत्येक वेळी आधी माझं एक वाक्य लावा. दोन महिने पत्रापत्री झाली. विचारण्याची अट त्यांनी अर्धी मान्य केली, वाक्याची पूर्ण. ते वाक्य तिनं स्वतः लिहिलं. 'ह्यो मशीनचा आवाज हाय. औषध, मत आन् देव ह्याच्या तोंडून कुणी सांगितलं तर ऐकू नगासा.' कंपनीला 'देव' खटकला. तिनं काढला नाही.

आणि जिथं मशीनचं चालणार नव्हतं तिथं ती पायी गेली. उन्हाळाभर, सुट्टीच्या दिवशी, कधी शालनला बरोबर घेऊन, कोगनोळीपासून निपाणीपर्यंतच्या वाड्यावस्त्यांवर. दारात उभी राहायची आणि म्हणायची, "चूर्णाच्या जाहिरातीत बोलती ती बाई मीच, आन् ती मी न्हवं." लोक आधी हसायचे, मग तिला पुन्हा बोलायला लावायचे, मग आतून डबे आणून दाखवायचे. एका घरात एका म्हातारीनं तिला हाकलून दिलं. तिचा नवरा ते चूर्ण घेत घेत गेला होता. उपासना खालमानेनं ऐकून आली. सात जणांनी तिच्यासमोर गोळ्या परत सुरू केल्या. किती जणांनी ती वळल्यावर सोडल्या हे तिला माहीत नाही. पोलिसांचं अजून चालू आहे. चूर्णवाल्यांनी आता दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज लावला आहे. कोल्हापूरकडचा पुरुष वाटतो. त्याला कोण कसं शोधणार, असं ती मधूनच म्हणते.

आण्णाप्पा काठी घेऊन चालतात. मधे सुलाबाईला भेटायला निपाणीला आले होते. दोघांनी आपापल्या गोळ्या एकमेकांना दाखवल्या आणि मोठ्यानं हसले.

तेजस्वी चांगल्या गुणांनी पास झाली, आता बेळगावला कॉलेजात आहे. परवा तिचा वाचनालयात फोन आला तेव्हा मी समोरच होतो. बरंच बोलणं झालं. मग उपासना हसायलाच लागली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हणती, मावशी, कॉलेजात अभ्यास लई असतोय. तुमचा आवाज फार सावकाश वाटाय लागलाय, म्हणून बदलला."

एवढं सांगून तिनं डोळे पुसले आणि समोरच्या मुलीला तिचं पुस्तक शिक्का मारून दिलं.