उपोषणाला बसलेला वार्ताहर

अख्ख्या नगर जिल्ह्यात बातमी आणायला जाऊन स्वतःच बातमीत अडकून बसणारा वार्ताहर एकच झाला, आणि तो आमचा काष्टीचा. मी तेव्हा नगरच्या एका दैनिकात तालुक्यांचं पान लावत असे. गावोगावचे वार्ताहर सत्कारांच्या बातम्या पाठवत; प्रत्येकीच्या शेपटाला मान्यवरांच्या नावांची मालगाडी, आणि एक नाव गळलं की सकाळी त्या मान्यवराचा फोन. याचंही तसंच सुरळीत चाललं होतं. पण पुण्यात शिकणाऱ्या भाचीनं त्याला मोबाईलवर कुठलासा लेख दाखवला. लिहिणारा पत्रकार हॉटेलात भांडी घासायला राहिला होता आणि आपल्या हातांची सालटं कशी निघाली, तेही त्यानं लिहिलं होतं. झालं! तेव्हापासून हा एका जागी बसेना. "दादा, आमी बी तिथं असतोच ना? मग बातमीत आमीच तेवढं का न्हाई?" दिवसातून दोनदा हाच प्रश्न.

मग एका सभागृहाच्या उद्घाटनाची बातमी आली : 'मला शेवटच्या रांगेत मोडकी खुर्ची मिळाल्यामुळे पाहुण्यांचं भाषण मी एका कुल्ल्यावर ऐकलं.' कांद्याच्या लिलावाची आली, तिच्यात भाव एका ओळीत आणि भाव ऐकून शेजारच्या म्हाताऱ्यानं याचा दंड कसा आवळला, ते पानभर. ऊसतोडीवर लिहायचं म्हणून हा कोयता घेऊन फडात उतरला आणि दुपारीच बैलगाडीतून घरी आला. त्याच्या बायकोचा मला फोन : "भाऊजी, तुमच्या पेपरात पाठ चोळायला मानूस ठेवलाय का? न्हाईतर यांना आवरा." मी त्याला झापलं, "वाचकाला तुझ्या पाठीशी काय घेणंय रे?" तो म्हणाला, "पाठ दुखल्याबिगर ऊस कळतो व्हय, दादा?" मी फोन ठेवला. आणि त्याचा 'मी' नेहमीप्रमाणे कापला.

मग वस्तीवरच्या शाळेच्या रस्त्यासाठी ग्रामस्थ उपोषणाला बसले. उपाशी माणसाला काय वाटतं ते आतून लिहावं, म्हणून हाही सतरंजीवर बसला. इतरांना मात्र संसार होते. कुणाचा कांदा गाडीत भरायचा होता, कुणाच्या पुतण्याची हळद होती. "आलोच" म्हणून एकेक उठला तो आलाच नाही. तहसीलचे साहेब लेखी आश्वासन आणि लिंबाचं सरबत घेऊन पोचले, तेव्हा मांडवात हा एकटा. "तुम्ही पत्रकार ना? उपोषणकर्ते कुठेत?" "मीच की." साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि सरबत त्याच्याच हातात दिलं. फोटो काढायला माणूस नव्हता. तोही यानं एका हातात पेला धरून दुसऱ्या हातानं काढला.

त्यावर त्यानं मला लांबलचक लेख पाठवला. समोरच्या गाड्यावर भजी तळली जात होती, त्या वासानं आपल्याला चक्क रडू आलं. पळून जावंसं वाटलं. पण तेवढ्यात शाळेतली पोरं चिखलातून चपला हातात धरून आली, म्हणून पाय उचलला नाही, असं त्यात होतं. त्याखाली ओळ : 'दादा, एवढा एक छापा. परत मागनार न्हाई.' मी चार ओळी छापल्या. 'ग्रामस्थांचे उपोषण मागे. नेत्यांच्या शिष्टाईला यश.' जे नेते तिकडे फिरकलेही नव्हते, त्यांची नावं मी सवयीनं घातली. रस्ता झाला, आणि त्याचं श्रेय आजही त्यांच्याच नावावर आहे.

तो भांडला नाही, हेच वाईट झालं. पुढे त्याच्या बातम्या अगदी निर्दोष येऊ लागल्या. मान्यवर उपस्थित, आभार मानले, एका शब्दालाही कात्री लागू नये अशा. वाचताना मला कंटाळा यायचा आणि लाजही वाटायची.

आता मी नगरच्याच सावेडी भागात असतो, आणि त्यानं वार्ताहरकी कधीच सोडली आहे. परवा शाळेच्या त्याच रस्त्यानं एका लग्नाला गेलो, तर तो मांडवाच्या दारातच भेटला. म्हटलं, "तुझं उपोषण आता लिहितो. जसं झालं तसं." त्यानं मला दंडाला धरून बाजूला घेतलं. मग हळूच म्हणाला, "लिहा, दादा. पन माझं रडू तेवढं काढून टाका. नातवंडं वाचाया लागल्यात."

मी बरं म्हणालो. पण त्याच्या लिखाणातलं आजवर इतकं काढलंय, की आता हात धजावला नाही.